तू लावून ठेवलेला रॅक

रम्या,

तू लावून ठेवलेला रॅक अजून तसाच आहे. प्लायवूडखाली, अंधारात, पंधरा गोळे एकमेकांना टेकून बसलेत. त्यांना अजून कोणी कळवलेलं नाही.

परवा वहिनींचा फोन आला. हल्ली त्यांचा फोन मी उभा राहून घेतो, का ते विचारू नकोस. म्हणाल्या, "भाऊजी, रविवारी तुमचं पूलचं टेबल चाललंय. गिरणाऱ्याकडच्या एका रिसॉर्टवाल्याला देऊन टाकलं. त्या जागेवर कोल्ड रूम बसवायचीय. मला एकटीला आता रोजच्या रोज माल काढणं व्हायचं नाय."

"बरोबर आहे," मी म्हणालो.

"पण प्लाय उचलला तर खाली ते तुमचं त्रिकोणाचं तसंच हाय. त्यांनीच लावलेलं. मी हात नाय लावला. तुम्ही सकाळी या आणि काय ते फोडून टाका. नाहीतर माणसं बादलीत भरतील."

"बघतो," मी म्हणालो. आयुष्यभर माईकवर बोलून ज्याने पोट भरलं, त्याला एवढंच सुचलं.

तर मुद्दा असा आहे. पॉलीहाऊसमध्ये गुलाब कापता कापता तू खाली बसलास आणि उठलाच नाहीस, त्या पहाटेचे गुलाबसुद्धा संध्याकाळी टेम्पोने मुंबईला गेले. वहिनींच्या भावाने पाठवले, कारण कापलेला माल थांबत नाही. कोणाच्या तरी स्टेजवर ते लागले आणि सुकले. तुझ्या हातचं या जगात जसंच्या तसं उरलंय ते एवढंच, पंधरा गोळ्यांचा त्रिकोण. मी फोडला तर मी तो संपवला. नाही फोडला तर बादली. आणि फोडायचा तर माझ्या त्या ब्रेकने, ज्याला तू शेवटपर्यंत ब्रेक म्हणायला तयार नव्हतास.

वाचणाऱ्यांसाठी जरा सांगून घेतो, तू तोवर काठीला चॉक लाव. मंडळी, पूलचा डाव सुरू होताना रंगीत गोळे त्रिकोणात घट्ट लावतात, तो रॅक. मग समोरच्या टोकाकडून पांढऱ्या गोळ्याने त्यावर पहिला जोरदार फटका मारायचा, तो ब्रेक. चांगला ब्रेक म्हणजे गोळे टेबलभर पसरले पाहिजेत, एखादा भोकात गेला पाहिजे, आणि पांढरा टेबलाच्या मध्यावर शहाण्यासारखा थांबला पाहिजे. माझ्या बाबतीत पहिल्या दोन गोष्टी क्वचित व्हायच्या आणि तिसरी कधीच नाही. बघ, हे सांगतानाही मला समोर माणसं लागली. तुझा आक्षेप हाच होता.

आपल्याकडे रॅक आदल्या संध्याकाळीच लावायची पद्धत होती. जगात कुठेही अशी पद्धत नसेल. शेवटचा डाव संपला की तू गोळे गोळा करायचास, बोटांनी मागून दाबून एकेक बसवायचास, वरून टिचकी मारून बघायचास, आणि मग त्यावर अलगद प्लाय टाकायचास.

"आत्ता कशाला?" मी पहिल्यांदा विचारलं होतं.

"रात्रभर बसला पायजे. रॅक विरजावा लागतो."

"दही आहे का ते?"

"तुला नाय कळायचं. ताजा लावलेला रॅक सैल असतो. रात्रभर बसले की गोळे एकमेकांना धरतात."

हे शास्त्रात बसतं की नाही ते मला माहीत नाही. तुझी बरीच शास्त्रं तुझ्या फुलांच्या शेडच्या बाहेर टिकली नसती. पण त्यामुळे आपली प्रत्येक संध्याकाळ आदल्या संध्याकाळीच सुरू व्हायची. मी मखमलाबादला तुझ्या शेडवर पोहोचायचो तेव्हा डाव मांडलेला असायचा आणि पहिला फटका माझा. इतकी वर्षं रोज कोणीतरी माझ्यासाठी काहीतरी तयार ठेवून झोपत होतं, हे मला आत्ता, लिहिताना, कळतंय. घरी माझी बायको मला स्वतःचं ताट स्वतः घ्यायला लावते.

टेबल कसं आलं ते आठवतंय का? कॉलेज रोडचं आपलं पूल पार्लर बंद झालं, तिथे मोबाईलचं दुकान आलं. मालक टेबल भंगारात काढत होता आणि तू म्हणालास, "शेडमध्ये ठेवतो. दिवसा त्यावर फुलं निवडू, संध्याकाळी खेळू." मला वाटलं, चेष्टा करतोयस. पण तू चेष्टा कधी करायचास? तुझं सगळं गंभीर असायचं, म्हणून तर मी हसायचो. हिरव्या कापडाखालची दगडाची लादी उचलताना टेम्पोवाल्याने आपल्या दोघांच्या आयांची आठवण काढली.

मग टेबल समतल करायला तू गावातला मिस्त्री बोलावलास. फुलांच्या शेडची जमीन मुद्दाम उताराची, पाणी गटाराकडे जावं म्हणून. आणि आपण दोन शहाण्यांनी टेबल नेमकं त्या उतारावर मांडलं होतं. मिस्त्रीने लेव्हलची नळी लावली, पायांखाली फरशीचे तुकडे सारले, बराच वेळ डोकं खाजवलं आणि विचारलं, "उतार कोणीकडं काढू?"

"उतार नको. सपाट पायजे."

"आणि मग पाणी कसं जाईल?"

"याच्यावर पाणी नाय पडत, मामा."

मिस्त्रीने आजूबाजूला बघितलं. गुलाबांच्या बादल्या, ठिबकणारा नळ, ओली पोती. "पडंल," तो म्हणाला.

पडलं. रोज पडलं. दिवसभर प्लायवर ओले गुलाब आणि खाली आपलं कापड. थंडीत तर ते कापड इतकं गारठायचं की गोळे चिखलातून चालल्यासारखे चालायचे. एकदा तू वहिनींची इस्त्री आणलीस. कापड शेकत होतास, तेवढ्यात मी कुठल्या तरी वरमाईचा किस्सा सांगायला लागलो, तू ऐकायला लागलास, आणि इस्त्री होती तिथेच राहिली. टेबलावर तपकिरी त्रिकोण उठला. वहिनी नाकाला पदर लावून आत आल्या आणि आपण दोघं गुन्हेगारांसारखे उभे. तू शांतपणे म्हणालास, "बरं झालं. रॅकची जागा कायमची कळाली." त्यानंतर तू रॅक नेहमी त्या डागावरच लावलास.

आणि मग आपला वाद. रोजचा, न संपलेला, आणि आता कधीच न संपणारा.

"विन्या, तुझी मान उठते."

"मान उठत नाही. कापड ओलं आहे. ओल्या कापडावर रॅक फुटत नसतो."

"मला पण तेच कापड हाय."

"तू जोर कुठे लावतोस? तू देवाला फूल वाहतोस."

"मग देव पावतो तरी. माझा पांढरा टेबलावर राहतो. तुझा बघ कुठं गेला."

माझा पांढरा गुलाबाच्या बादलीत गेलेला असायचा. तू बाही वर करून बादलीत हात घालायचास, काटे चुकवत गोळा काढायचास, शर्टला पुसायचास. ते काटे तुला लागायचे नाहीत. मला एकदा काढायला लावलास तर मी मनगटापर्यंत ओरबाडून निघालो आणि तू वहिनींना हाक मारलीस, "सुनंदा, हळद आण गं, कलाकार जखमी झाला."

तू मला शिकवायला काय कमी केलंस? "काठी गुलाबाच्या दांड्यासारखी धर. आवळलीस की काटा लागंल." "जेवढा जोर हाय तेवढा नको लावू, जेवढा सांभाळता येतो तेवढा लाव." "शेवटची नजर पुढच्या गोळ्यावर, पांढऱ्यावर नाय." आणि सगळ्यात जास्त वेळा, "मारून झालं तरी खाली राहा. आवाज संपेपर्यंत खाली राहा." मी सगळं ऐकायचो आणि सगळं करायचो, शेवटचं सोडून. फटका बसला रे बसला की माझी मान वर. मान वर आली की खांदा वर, खांद्याबरोबर हात, आणि पांढरा हवेत. मोबाईलवर मोठ्या खेळाडूंचे ब्रेक बघितले. जड काठी घेतली. सकाळी उठून पाण्याच्या बाटल्या उचलून दंड कमावले, बायको म्हणाली, निवडणुकीला उभे राहताय का? काही फरक पडला नाही. तुझं निदान ठरलेलं होतं. "तू ब्रेक मारत नाहीस, तू घोषणा करतोस. मग बघतोस टाळ्या आल्या का."

टाळ्या कुठल्या, शेडमध्ये तू एकटा असायचास.

शेवटी ठरलं की एकदा शहरातल्या कोरड्या, चांगल्या टेबलावर जायचं आणि कायमचा निकाल लावायचा. तिथे माझा ब्रेक फुटला तर कापडाचा दोष, नाही फुटला तर मानेचा. हरणाऱ्याने मिसळ द्यायची. थंडी सरली की जाऊ, असं ठरलं. मग लग्नसराई आली. तुझे गुलाब आणि माझा माईक, आपल्या दोघांचं पोट दुसऱ्यांच्या लग्नांवर. तुझे गुलाब लागलेल्या स्टेजवर मी कितीदा उभा राहिलो असेन. त्यांना वास नसतो, हे मी चारचौघांत मुद्दाम सांगायचो आणि तू चिडायचास, "वास हवा असंल तर अत्तर लाव. हा टिकाऊ माल हाय." मग म्हणालास, लग्नं संपली की जाऊ. मग मी म्हणालो, आता सुट्ट्यांची गर्दी असेल.

तू गेल्यावर मी एका संध्याकाळी गेलो होतो तिकडे. गंगापूर रोडला एक नवं पार्लर आहे, काचेचं, थंडगार, कोरडंठाक. बाहेर स्कूटर लावली, पायऱ्यांपर्यंत गेलो. आतून गोळे फुटल्याचा आवाज आला, असा खणखणीत की तू मान हलवली असतीस. आणि मी परत फिरलो. ब्रेक चांगला बसला असता तर वाद मी जिंकलो असतो, आणि कोणासमोर नाचणार होतो? वाईट बसला असता तर तू जिंकला असतास, आणि तुला सांगणार कसं? स्कूटरवर बसून मी बराच वेळ किल्ली शोधत होतो. ती हातातच होती.

एक गोष्ट तुला कधी बोललो नाही. माझा घसा बसला होता ते आठव. डॉक्टरांनी सांगितलं, महिनाभर एक शब्द काढायचा नाही, नाहीतर आवाज जाईल. मी पाटी घेऊन फिरत होतो. घरच्यांना सुरुवातीला बरं वाटलं असावं. लग्नांची कामं दुसऱ्यांकडे गेली, फोन यायचे थांबले. आपलं आता संपलं असं मला अगदी खरोखर वाटत होतं. तेव्हा तू रोज संध्याकाळी बोलवायचास. प्लाय काढायचास, काठी माझ्या हातात द्यायचास, आणि मग घसा खाकरून, लाजून, जमिनीकडे बघत स्वतः घोषणा करायचास, "सभ्य स्त्री-पुरुषहो. येतोय. आपला विन्या. ब्रेक मारायला." पुढे काय बोलावं ते तुला सुचायचं नाही. "लय भारी माणूस हाय. बस." इतकी वाईट घोषणा मी जन्मात ऐकली नाही. मला हसायचीही बंदी होती, तर माझ्या डोळ्यांतून पाणी यायचं आणि तुला वाटायचं मी हसतोय. मी हसतच होतो, पण सगळंच हसणं नव्हतं ते.

हे पाटीवर लिहून दाखवता आलं असतं. आवाज परत आल्यावर सांगता आलं असतं. आवाज परत आल्यावर मी पहिलं काय बोललो, तर "कापड ओलं आहे."

आणि तुझं शेवटचं वाक्य. माणसं जाताना काय काय बोलून जातात असं मी माझ्या भाषणांतून लोकांना सांगत आलो. तू त्या संध्याकाळी रॅक लावलास, प्लाय टाकलास, हात झटकलेस आणि म्हणालास, "जाताना फाटक नीट लाव, गाय शिरती." यावर मी काय उभं करू, रम्या? मी फाटक लावलं. नीट लावलं की नाही ते आठवत नाही.

तुझ्या शोकसभेचं तर तुला कोणी सांगितलंच नसेल. मारुतीच्या देवळाचा सभामंडप गच्च भरला होता. माईक अर्थातच माझ्या हातात, गावात दुसरा कोण आहे? मी ठरवून गेलो होतो, काय बोलायचं ते. तुझा फोटो समोर होता. त्याला घातलेला हार झेंडूचा होता, तेवढ्याने माझं डोकं फिरलं, गुलाबवाल्याला झेंडू. आणि त्या तंद्रीत पहिल्या वक्त्याला बोलावताना माझ्या तोंडून सवयीने निघालं, "यांचं आपण जोरदार टाळ्यांनी स्वागत करू या."

सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. आणि पुढच्या रांगेतून तुझ्या नाना काकांनी टाळ्या वाजवल्या. एकट्याने. सावकाश, वाजवायच्या तेवढ्या सगळ्या वाजवल्या. नंतर मी त्यांच्या पायाशी बसलो, म्हणालो, "नाना, तोंड काळं झालं माझं."

"राहू दे. रमेशला आयुष्यात कधी कोणी टाळ्या वाजवल्या का?" ते म्हणाले. "आज वाजल्या."

तेव्हापासून मी आतून कोरडा आहे. लोकांना वाटतं विनायकराव सावरले, कारण लग्नात मी अजून माणसं हसवतो. तो तोंडाचा धंदा आहे, ते आपोआप चालतं. तुझ्या गुलाबांचा टेम्पो जायची, म्हणजे आपल्या डावाची वेळ झाली की इकडे इंदिरानगरात घरी माझे पाय चप्पल शोधतात. बायको दुधाची पिशवी आणायला पाठवते. दुधाची पिशवी रोज दोनदा येते आमच्याकडे हल्ली. लोक म्हणतात दिवस जातील तसं हलकं होईल. मला तसं काही दिसत नाही. मला समोर फक्त पुष्कळ संध्याकाळी दिसतात, सगळ्या रिकाम्या, आणि कोणीही त्या आदल्या दिवशी लावून ठेवलेल्या नाहीत.

इथवरचं रविवारच्या आधी लिहिलं होतं, पुढचं नंतर. रविवारी गेलो. टेम्पो फाटकात उभा होता, इंजिन चालू. माणसं लादी उचलायला दोर आणि फळ्या घेऊन आली होती. शेडमध्ये गुलाबांच्या बादल्या एका बाजूला सारलेल्या. वहिनींनी एका टोकाला धरलं, मी दुसऱ्या, आणि आम्ही प्लाय उचलला.

होता. तुझ्या डागावर, तुझ्या हातचा, पुढचा गोळा मागच्या दोघांना घट्ट टेकलेला. कुठून तरी एक पाकळी आत शिरली होती आणि वाळून काळी झाली होती. मी वाकून बघितलं. एकही फट नव्हती. तुझं ते दह्याचं शास्त्र खरं असेल तर इतका विरजलेला रॅक दुसरा नसेल.

मी खिशातून मोबाईल काढला, फोटो घ्यायला. वहिनी म्हणाल्या, "फोटो कशाला?"

"राहील आपल्याकडे."

"त्यांनी फोडायला लावलंय, भाऊजी. बघायला नाय."

"वहिनी, मला नाही जमणार."

"तुम्हाला कधी जमलंय?" त्या म्हणाल्या. कडू नव्हतं ते. इतकी वर्षं भिंतीपलीकडून ऐकून त्यांना आपला सगळा निकाल पाठ होता. मग हळू म्हणाल्या, "बादलीत भरताना मला बघवणार नाय. तुम्ही फोडा."

मी काठी घेतली. पांढरा ठेवला. घोषणा केली नाही. वाकलो, आणि सवयीने एकदा वर बघितलं, तू रोज उभा असायचास तिकडे, रॅकच्या मागे, काठाला हात टेकून. तिथे भिंत होती. भिंतीवर नळाचा ओघळ.

रम्या, तिथे बघितल्यावर मला आपला सगळा वाद कळला. मी मान कोणासाठी उचलत होतो ते. टाळ्यांसाठी नाही. तुझा चेहरा बघायला. गोळे फुटताना तुझं तोंड लहान पोरासारखं उघडायचं, दरवेळी, माझा ब्रेक कितीही भिकार असला तरी, आणि मला ते चुकवायचं नसायचं. कापडाचा दोष नव्हता. तुझ्या म्हणण्याप्रमाणे मानेचा होता. फक्त कारण तुला माहीत नव्हतं, आणि मलाही.

मी परत वाकलो. काठी सैल धरली. नजर पुढच्या गोळ्यावर. सांभाळता येईल तेवढाच जोर. मारलं, आणि खाली राहिलो. वर बघायला काही नव्हतं, म्हणून खाली राहिलो. आवाज झाला, पत्र्याच्या शेडमध्ये घुमला, आणि गोळे माझ्या नाकासमोरून सगळीकडे पळाले. एक कोपऱ्यात पडला, मग दुसरा मधल्या भोकात. पांढरा मागे सरकला आणि टेबलाच्या मध्यावर थांबला. ओल्या कापडावर.

डागावर काहीच उरलं नव्हतं.

"असंच व्हायला पायजे होतं का?" वहिनींनी विचारलं.

"असंच."

"मग इतके दिवस?"

ब्रेक सुधारायला काय लागतं ते मला आता कळलंय आणि ते मी कोणाला शिकवणार नाही. मला तो जुना पाहिजे. पांढरा बादलीत जाणारा.

पण गोळा पडला होता, आणि गोळा पडला की मारणाऱ्याचाच चान्स पुढे चालू राहतो, हा नियम तुलाही माहीत आहे. चुकल्याशिवाय समोरच्याला मिळत नाही. समोर एक सोपा गोळा होता, भोकाच्या तोंडाशी बसलेला, कोणीही घालेल असा. मी बराच वेळ निशाणा धरला आणि चुकलो. मुद्दाम सोडलेला शॉट तुला खपायचा नाही, म्हणून जरा नीट चुकलो. तेवढा अभिनय मला येतो. मग काठी घेऊन मागे सरलो आणि भिंतीला टेकून उभा राहिलो, आपण राहतो तसा.

माणसं दोर घेऊन पुढे आली. त्यातला एक म्हणाला, "झालं ना? गोळे काढायचे का?"

वहिनी टेबलाकडे बघत होत्या. त्यांनी हात आडवा केला.

"थांबा जरा," त्या म्हणाल्या. "त्यांचा चान्स हाय."

माणसं थांबली. बाहेर टेम्पोवाल्याने इंजिन बंद केलं.